अभ्यासिकेत शिरलेला वारा

१

आकडा आला दोन पूर्णांक एक, आणि अभ्यासिकेतल्या सगळ्यांचे डोळे पंख्यावरून पूर्णिमाताईंकडे वळले.

पूर्णिमाताईंनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत चढवला. आकड्यावर काही परिणाम झाला नाही.

“परत एकदा घेऊया का?”

“तीनदा घेतला, मॅडम,” अपूर्वा उपाध्ये म्हणाली. पुण्याहून फेरतपासणीला आलेली तपासनीस. वय तिशीच्या आसपास, आवाज मऊ. आणि मऊ आवाजातलं वाईट बोलणं जरा जास्तच लागतं. “दोनदा माझ्या मशीनवर, एकदा तुमच्या. तिन्ही वेळा तेच.”

फुलेवाडीच्या पुढं, गगनबावड्याच्या रस्त्याला खांबांवर उभी असलेली ही एका खोलीची इमारत. वर अभ्यासिका, खाली गाड्या लावायला मोकळी जागा. पुराचं पाणी दोनदा दारात बघितल्यावर या भागात जमिनीलगत बांधायचं कुणाच्या मनात येत नाही. खेड्यापाड्यांतून एसटीनं येऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलींसाठी निवृत्त शिक्षक विजयसिंह सरनोबत यांनी ती बांधली होती. नाव दिलं होतं गेलेल्या बायकोचं: झुंबरबाई अभ्यासिका.

सरनोबत सर विज्ञानाचे. त्यामुळं नुसती चार भिंतींची खोली बांधून त्यांचं समाधान होणार नव्हतं. खोली इतकी हवाबंद हवी, की छपरावरच्या सौर पॅनेलवर एक छोटा एसी चालावा आणि मे महिना सुखानं निघावा. गार केलेली हवा फटींतून पळून गेली तर सगळंच मुसळ केरात.

हवा पळते की नाही, हे बघणं पूर्णिमाताईंचं काम. दाराच्या चौकटीत लाल कापडाचा पडदा ताणायचा, त्यात पंखा बसवायचा आणि खोलीतली हवा बाहेर ओढायची. मग जिथं फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते. पंख्याला किती कष्ट पडले त्यावरून कळतं, की तासाभरात खोलीतली सगळी हवा किती वेळा बदलेल. दीडच्या आत आली तर इमारत पास. अठरा दिवसांपूर्वी पूर्णिमाताईंनी सही करून लिहून दिलं होतं: एक पूर्णांक दोन.

“कसं आहे मॅडम,” अपूर्वा म्हणाली, “एक तर तेव्हा तुमचं मोजणं चुकलं. नाहीतर तुम्ही मोजलंच नाही.”

“आणि नंतर कुणी भोक पाडलं असलं तर?”

“दाखवा मग.” तिनं कपाळ चोळलं. “पेट्रोलचा वास येतोय का इथं? सकाळपासून डोकं धरलंय.”

वायरमन गुंडूनं पटकन हात पँटला पुसले.

“चारला मी अहवाल पाठवून निघणार,” अपूर्वा म्हणाली. “तोवर काही सापडलं नाही तर परीक्षकांच्या यादीतून तुमचं नाव कमी करावं लागेल. मला बरं वाटत नाहीये, पण नियम आहे.”

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले होते.

२

त्या यादीत पूर्णिमाताईंचं नाव यायला सहा वर्षं लागली होती. पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं काचेच्या नळ्या धुतल्या, साहेबांचे प्रयोग मांडून दिले, आणि एक दिवस बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी हा पंखा लावून दाखवला तेव्हा त्या बघतच राहिल्या. मशीनची इंग्रजी पुस्तिका शब्दकोश मांडीवर घेऊन तीनदा वाचली. परीक्षेत दोनदा नापास झाल्या, तिसऱ्यांदा पहिल्या आल्या. आता जिल्ह्यात लोक त्यांना ‘पंखेवाल्या बाई’ म्हणतात. सुरुवातीला चेष्टेनं म्हणायचे. आता पत्ता सांगताना म्हणतात.

त्यांनी पिशवीतून उदबत्तीचा पुडा काढला. पुण्याचे लोक धुरासाठी वेगळी पेन्सिल वापरतात. पूर्णिमाताईंना उदबत्ती बरी पडते. धूर बारीक येतो आणि खोकला येत नाही.

“काय ओ पूर्णिमाबाई,” सरनोबत सर खुर्चीतूनच म्हणाले. उंच, ताठ, पांढराशुभ्र सदरा. “माझ्या इमारतीत आजवर उदबत्ती लागली नव्हती. तेवढी बी हौस भागवा.”

“देवाला न्हाय सर, वाऱ्याला लावतोय.”

सर हसले, नेहमीसारखे मोकळे नाहीत, असं ताईंना वाटून गेलं. चाळीस वर्षं वर्गात आणि गावोगावच्या चौकांत या माणसानं मुहूर्त, उतारे, नवससायास यांची पिसं काढली होती. स्वतःच्या घरात ते वास्तुशांत न करता राहायला गेले होते. झुंबरबाई त्यावरून महिनाभर बोलल्या नव्हत्या म्हणे.

उदबत्ती खिडक्यांवरून फिरली. धूर सरळ वर गेला. पंख्याच्या ओढीनं जराही वाकला नाही.

“बगा,” खिडक्या बसवणारा अनेकांत मगदूम हाताची घडी घालून उभा होता. “दोनदा माझ्या खिडक्या परत पाठवल्यासा तुम्ही. रबर बसलं न्हाय म्हणालासा. तिसऱ्यांदा मी असं रबर बसवलंय, की मुंगीला बी वाट इचारायला लागंल.”

“म्हणजे माझ्यावर राग हाय तुमचा.”

“हायच की. लपवतोय कशाला?” अनेकांत म्हणाला. “पण ताई, राग म्हणून मी माझीच खिडकी ढिली करीन व्हय? लोक मगदूमाच्या खिडकीला नावं ठेवतील. तुमच्या पंख्याला कोण वळखतंय?”

हे बोलणं टोचलं, पण खरं होतं. स्वतःच्या मालाचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणाऱ्यांतला हा माणूस नव्हता.

“एक सांगा. तुमचं काही सामान हरवलंय इथून?”

“न्हाय. उलट शिलकीत हाय. सर मागच्या पंधरवड्यात इचारत होते, फरशीच्या सांध्यात काय भरत्यात म्हणून. म्हटलं, गवंडी बोलवा, पाच मिनिटांचं काम. तर म्हणाले, गवंडी नको, असंच म्हायतीसाठी इचारलो.”

पूर्णिमाताईंनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. सरांना सगळ्याची माहिती हवी असते. त्या बटणांच्या पेट्यांकडं वळल्या.

आणि तिथं, एसीच्या खाली, त्यांना ते दिसलं: भिंतीत एक गोल भोक, बोटाएवढं. अठरा दिवसांपूर्वी ते नव्हतं.

३

“माझं हाय ते,” गुंडू म्हणाला. पन्नाशीचा, झुपकेदार मिशांचा, कानावर टेस्टर. “इंटरनेटची वायर आत घेतली. पण भोकात लांबी, पुट्टी भरलीया की. हात लावून बघा.”

ताईंनी उदबत्ती धरली. धूर सरळ.

“मला इचारायचं तरी.”

“इचारलो असतो तर तुम्ही भाषण दिलं असतासा.”

“दिलंच असतं.” ताई जमिनीवरच बसल्या. गुडघे कुरकुरले. “गुंडू, या पंधरा-अठरा दिवसांत इथं काय काय बदललं? तुझ्या डोळ्यांनी सांग.”

गुंडूनं मिशी ओढली. “इथं काय बदलणार. खाली मातुर कुणीतरी पोरं माझ्या खोड्या काढत्यात. त्या कोपऱ्यातल्या खांबाजवळ गाडी लावतोय मी रोज. संध्याकाळी बघावं तर सीटवर वाळू. मूठ-मूठ. झाडून जावं तर दुसऱ्या दिवशी परत. चार दिस पाळत ठिवली, एक पोरगं घावलं न्हाय. आता तर टाकीचं झाकण बी ढिलं झालंय, पेट्रोल झिरपतंय.”

“मग जागा बदलायची.”

“माझी जागा हाय ती. मी का बदलू?”

ताईंनी साफसफाई करणाऱ्या चिमणाबाईंना हाक मारली. त्या आल्या त्याच मुळी भांडणाच्या पवित्र्यात, केरसुणी तलवारीसारखी धरून.

“मी काय बी केलेलं न्हाय. मी आपलं सकाळी येतो, झाडतो, पुसतो आणि जातो.”

“तुम्हांला कोण काय म्हणालं, मावशी? मला केर दाखवा.”

“केर?”

“केरात काय काय निघालं ते. तुमच्याइतकं बारीक कुणाचं लक्ष असणार हाय?”

चिमणाबाईंची केरसुणी खाली आली. त्या ताईंच्या शेजारी टेकल्या. “आता तुम्ही इचारलासा म्हणून सांगतो. पंधरा दिवसांमागं एकदा हिरवं कायतरी निघालं. वाळलेलं, केसावानी. मी म्हटलो, एसीचं पाणी गळतंय, शेवाळ धरलंय. गुंडूला बोललो, तर मलाच येड्यात काढलं यानं.”

“काढणारच की,” गुंडू म्हणाला. “जानेवारीत एसी कोण लावतंय? अजून एकदा बी चालू केलेला न्हाय. थेंब पाणी न्हाय तिथं.”

“मग शेवाळ काय उडत आलं व्हय?”

“आणखी काय?” ताईंनी विचारलं.

“आणखी म्हणजे ती पेस्ट.” चिमणाबाईंनी आवाज उतरवला, पण त्यांचा उतरलेला आवाज रस्त्यावर ऐकू जातो. “दात घासायची. सरांनी माझ्याकडनं दोन मोठ्या नळ्या मागवल्या. पांढरीच पायजे म्हणाले, रंगीत नको. दुसऱ्या दिवशी बघतो तर दोन्ही पार पिळून केरात. आता सांगा, सरांच्या तोंडात एक दात न्हाय. कवळी हाय, ती बी रातभर पाण्यात. दोन नळ्यांनी काय घासलं असंल?”

गुंडू हसला. अनेकांतही हसला.

सरनोबत सरांची खुर्ची मात्र रिकामी होती. ते केव्हा उठून गेले, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

४

दीड वाजला. छत झालं, दारं झाली, बटणं झाली, वायरींच्या नळ्या झाल्या. धूर शहाण्या मुलासारखा सगळीकडं सरळ उभा राहिला.

पूर्णिमाताई लाल पडद्याची कड सारून गॅलरीत आल्या आणि बाहेरच्या पायरीवर बसल्या. यादीतून नाव जाणं म्हणजे काय, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. उद्यापासून त्यांचा आकडा हा आकडा राहणार नाही. ‘बाई आपल्या मनानं शिकलेल्या होत्या, होतं असं’ असं लोक म्हणतील, आणि ते कनवाळूपणे म्हणतील, हे त्याहून वाईट.

रस्त्यापलीकडच्या गुऱ्हाळात उसाच्या रसाची काहिल उकळत होती. काकवीचा गोड, जाड वास अंगावर आला. सकाळपासून तो इतका भरून राहिला होता, की ओढणीला, केसांनाही लागला असणार.

पूर्णिमाताई एकदम ताठ झाल्या.

मग आत का नाही?

दोन तास पंखा खोलीतली हवा बाहेर ओढतोय. तिच्या जागी फटीतून बाहेरची हवा आत येतेय. खिडकी, भिंत, छत, कुठूनही आली असती तर बाहेरचा वास घेऊन आली असती. अख्ख्या परिसरात काकवीचा वास. पण आत आलेल्या हवेला काकवीचा वास नव्हता. तिला वास होता पेट्रोलचा.

पेट्रोल फक्त एकाच ठिकाणी होतं.

त्या जिना उतरून खाली गेल्या. गुंडूची जुनी मोटारसायकल कोपऱ्यातल्या खांबाला टेकून उभी होती, टाकीवर ओला ओघळ. सीटवर चिमूटभर वाळू. ताईंनी वर बघितलं. स्लॅबमध्ये, बरोब्बर गाडीच्या डोक्यावर, एक सहा इंची नळीचं काळं तोंड.

ही नळी त्यांच्या ओळखीची होती. पहिल्या नकाशात त्या कोपऱ्यात संडास होता. नंतर तो मागं हलवला आणि नळी तशीच राहिली. पहिल्या परीक्षेआधी ताईंनी स्वतः उभं राहून ती वरून पिवळ्या फोमनं बुजवून घेतली होती. वर वाळू, वाळूवर फरशी. आता त्या नळीतून वाळू गळत होती; म्हणजे फोम तिथं नव्हता.

त्यांनी मोबाइल काढून त्या दिवशीचे फोटो बघितले. पुस्तकांचं मोठं लाकडी कपाट फोटोत उत्तरेच्या भिंतीला होतं. आज ते त्या कोपऱ्यात होतं, नळीच्या बरोबर वर, आणि त्याच्यावर झुंबरबाईंचा फोटो. सकाळी ताईंनी सरांना सहज विचारलं होतं, कपाट का हलवलं? सर म्हणाले होते, उन्हानं पुस्तकं पिवळी पडत्यात.

उत्तरेच्या भिंतीला ऊन? आणि हा कोपरा तर पूर्व आणि दक्षिणेमधला. सकाळचं पहिलं ऊन इथंच पडतं.

पूर्व आणि दक्षिणेच्या मधला.

ताईंना स्वतःचं घर आठवलं. सत्तावीस वर्षांपूर्वी सासूबाईंबरोबर स्टीलची वाटी घेऊन त्या रंकाळ्यावर गेल्या होत्या, पायरीवरचं शेवाळ खरवडून आणायला. आदल्या दिवशीच आणून ठेवा, असं गुरुजींनी सांगितलं होतं.

त्यांनी गाडीच्या सीटवरची वाळू हळूच झटकली. आता त्यांना फट कुठं आहे ते माहीत होतं. ती कशासाठी पाडली, तेही. आणि कुणी पाडली तेही कळलं होतं, पण ते कळलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटत होतं.

५

“फट जमिनीत आहे,” वर येऊन त्यांनी अपूर्वाला सांगितलं. “त्या कपाटाखाली. कपाटाला खाली चारी बाजूंनी पट्टी आहे, त्यामुळं हवा पसरून हळू येते. म्हणून उदबत्तीला कळली नाही.”

“कपाट हलवा मग.” अपूर्वाचा चेहरा जरा मोकळा झाला, मग परत बंद झाला. “पण मॅडम, एक विचारते. ही फट आधीपासून नव्हती कशावरून? आधीपासून असेल तर तुमचा पहिला अहवाल चुकीचाच ठरतो. इमारत पास होईल. तुमचं नाव नाही राहणार.”

“खरं आहे,” ताई म्हणाल्या.

गुंडू आणि अनेकांत कपाटाला हात घालायला पुढं झाले.

“कपाट हलवायचं न्हाय.”

सर दारात उभे होते. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराचा श्वास थांबावा, तसा तो आवाज.

पूर्णिमाताईंनी सगळ्यांकडं बघितलं. “तुम्ही खाली जाऊन चहा घ्या. मावशी, तुम्ही बी. दहा मिनिटं. अपूर्वाबाई, तुम्हांला आमच्याकडचा गुळाचा चहा मिळायचा न्हाय परत.”

सगळे गेले. पंखा बंद झाल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली.

“मी फक्त खड्डा भरून घेते, सर,” ताई म्हणाल्या. “खालून नळी बुजवते, वरून सांधे भरते. आत जे काय आहे त्याला हात लावत नाही. अहवालात लिहीन, जमिनीतली गळती, दुरुस्त केली. बास.”

सर खुर्चीत बसले. ताठ माणूस बसला की किती लहान दिसतो.

“तुम्हांला कशानं कळलं?”

“शेवाळानं. आणि पेस्टनं. पांढऱ्या सिमेंटसारखी दिसते खरी, पण वाळली की तडे जातात. आजच्या ओढीनं उरलीसुरली बी निघाली असेल.”

“गवंड्याला बोलावलं असतं तर गावभर झालं असतं.” सरांनी कपाटावरच्या फोटोकडं बघितलं नाही. “तिच्या शिलाईच्या डब्यात सापडली. बटणांच्या खाली. चांदीची, एवढीशी. हुपरीवरून आणली होती तिनं, आमचं घर झालं तेव्हा. मी पुरू दिली न्हाय. चाळीस वर्षं घरात काय बी मोडलं, कुणी आजारी पडलं, की ती म्हणायची, वास्तू उपाशी हाय आपली. मी हसायचो. आणि ती वास्तुपुरुषाची मूर्ती बटणांखाली ठेवून चाळीस वर्षं त्याच डब्यातली बटणं माझ्या सदऱ्याला लावत राहिली.”

ताईंनी विझलेली उदबत्ती पुड्यात परत ठेवली.

“मंत्र म्हटला न्हाय हं मी. माझा विश्वास तेव्हा नव्हता, आज बी न्हाय. पण ही खोली तिची आहे ना? मग तिच्या खोलीत तिचं चालायला नको? सात धान्यं, शेवाळ, सगळं ती सांगायची तसं मडक्यात घातलं. आग्नेयेची फरशी ठोकून बघितली तर पोकळ वाजली. म्हटलं, बरं झालं, खणायचं काम वाचलं. आत पिवळा स्पंज लागला, तो सुरीनं कापून काढला. विज्ञानाचा मास्तर मी. स्पंज तिथं का आहे, एवढं बी सुचलं न्हाय.”

“दुःखात न्हाय सुचत.”

“सकाळी पेट्रोलचा वास आला तेव्हा सुचलं. आणि तरी गप्प बसलो.” त्यांनी वर बघितलं. “तुम्ही खड्डा भरलात तर इमारत पास होईल. तुमचं काय होईल, ते मी दारातून ऐकलंय.”

“माझं मी बघेन.”

“काय बघणार? फट नंतर पडली हे सांगायला पाडणाऱ्याचं नाव घ्यावं लागेल. तुम्ही घेणार न्हाय. बरोबर?”

पूर्णिमाताई ओढणीनं चष्मा पुसत राहिल्या. जिन्यावर पावलं वाजली. चहा आटपून मंडळी वर येत होती.

सर उठले आणि दाराकडं गेले.

६

“अपूर्वाबाई,” सर म्हणाले, “वही काढा. आणि गुंडू, अनेकांत, कपाट हलवा.”

कपाट सरकलं. फरशीच्या चारी कडांना पांढरे तुकडे, कुठं उडालेले, कुठं भेगाळलेले. चिमणाबाई वाकल्या, एक तुकडा नाकाला लावला.

“आगं बया. पेस्ट.”

“व्हय, पेस्ट,” सर म्हणाले. “या फरशीखाली वास्तुपुरुष आहे. पहिल्या परीक्षेनंतर तिसऱ्या दिवशी मी स्वतः ठेवला. तोवर ही फरशी पक्की होती, खाली नळी बुजवलेली होती. पूर्णिमाबाईंचा आकडा बरोबर होता. खोली बिघडवली ती मी. नंतर गप्प राहिलो, तो गुन्हा वेगळा.”

वास्तुपुरुष आणि सरनोबत सर, हे दोन शब्द एका वाक्यात बसवायला प्रत्येकाला थोडा वेळ लागत होता.

सगळ्यात आधी गुंडूला जमलं. “म्हणजे सर, पंधरा दिस माझ्या सीटवर तुमच्या देवाची वाळू पडतीया?”

“पडतीया.”

“आणि मी पोरांना शिव्या देतोय.”

“त्यांची माफी माग. मी तुझी मागतो.”

गुंडूनं हात झटकला. “माफी नको. टाकीचं झाकण आणून द्या.”

अनेकांत तोवर कामाला लागला होता. गाडीतून सिलिकॉनची बंदूक आणि फोमचा डबा आला. फरशी उचलली. आत लालभडक कापडात गुंडाळलेलं, मोठ्या नारळाएवढं मडकं नळीच्या तोंडात अडकून बसलं होतं. चिमणाबाईंनी नमस्कार केला. अनेकांतनंही केला. अपूर्वानं इकडंतिकडं बघून चटकन केला. सर हात मागं बांधून उभे होते, पण नजर मडक्यावर होती.

“काढून दुसरीकडं ठेवूया का, सर?” अनेकांतनं विचारलं.

“न्हाय,” पूर्णिमाताईच म्हणाल्या. “आहे तिथंच राहू दे. भोवतीनं भरा. खालून मी भरते.”

त्या गुंडूच्या गाडीच्या सीटवर चढून उभ्या राहिल्या, गुंडूनं गाडी धरली, आणि सहा इंची नळी फोमनं फुगून गच्च भरली. वर अनेकांतनं सांधे असे भरले, की बोट फिरवलं तरी कळू नये. मग फोम वाळायची वाट बघत सगळे बसले. गुंडूनं गाडी दुसऱ्या खांबाला लावली. आपण जागा बदलली हे त्यानं कबूल केलं नाही. सावली बघून लावली म्हणाला.

साडेतीनला लाल पडदा परत ताणला गेला.

पंखा घुमायला लागला. आकडे वर चढले, उतरले, परत चढले. पूर्णिमाताईंनी मुद्दाम पाठ फिरवली होती. त्या झुंबरबाईंच्या फोटोकडं बघत होत्या. फोटोतल्या बाई किंचित हसत होत्या, कुणीतरी उशिरा का होईना ऐकल्यासारख्या.

पडद्याच्या कडेनं बारीकसा काकवीचा वास आला. पेट्रोलचा नाही.

“थांबला आकडा,” अपूर्वा म्हणाली.

“किती?”

“एक पूर्णांक एक.”

चिमणाबाईंना आकड्याचा अर्थ कळला नव्हता, पण गुंडूनं मिशीवरून हात फिरवला आणि “नाद खुळा, ताई” म्हणाला, त्यावरून कळला. त्यांनी केरसुणी बाजूला टाकून पूर्णिमाताईंच्या चेहऱ्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

“एक पूर्णांक दोन नाही,” ताई म्हणाल्या. “म्हणजे पहिल्या वेळी त्या नळीतून एक दशांश गळत होतं. माझ्याही हातून तेवढं राहिलंच होतं. लिहा ते.”

अपूर्वानं त्यांच्याकडं बघितलं, सकाळपासून पहिल्यांदा नीट. “मॅडम, ती उदबत्ती कुठली? आमच्या पेन्सिलीपेक्षा धूर चांगला येतो.”

“महाद्वार रोडला मिळते. जाताना पुडा देते.”

“आणि वासावरून फट शोधायचं मला शिकवाल? पुण्यात नऊ परीक्षक आहेत. एकालाही हे सुचलं नसतं. मी पत्र पाठवते, तुम्ही यायचंच. मुक्कामाचं सगळं आम्ही बघू.”

“तुमच्याकडं गुऱ्हाळ असलं तर येते,” पूर्णिमाताई म्हणाल्या, आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आवरेना. सकाळपासून कोंडलेलं ते हसू बाहेर पडलं, तसा अनेकांतही हसायला लागला. जाताजाता म्हणाला, पुढच्या खिडक्यांना आधीच तुमचा पंखा लावून बघतो, परत पाठवायचा तुमचा त्रास वाचेल.

अपूर्वा फॉर्म भरत होती. पूर्णिमा इंगवले, परीक्षक. नावासमोर बरोबरची खूण. मग तिचं पेन थांबलं.

“इथं एक रकाना आहे. दोन परीक्षांच्या मध्ये इमारतीत झालेला बदल, आणि त्याचं कारण. सर, बदल मी लिहिते, जमिनीला खड्डा. कारण... तुम्हांला अडचण असेल तर नुसतं ‘घरगुती’ लिहू का?”

सरनोबत सरांनी सदऱ्याचं वरचं बटण चाचपलं. मग कपाटाजवळ गेले, फोटो उचलला आणि जरा तिरका झाला होता तो सरळ ठेवला.

“घरगुती नको, त्यातनं काय कळतंय?” ते म्हणाले. “लिहा. बायकोचं चाळीस वर्षं राहिलेलं काम.”

अपूर्वानं लिहिलं. अक्षर न अक्षर.